एका म्यानात चार तलवारी

नव्या लॅपटॉपच्या कडेला असलेलं ते लंबगोल भोक कधी नीट पाहिलंय? एक सेंटीमीटरही रुंद नाही. आत एक पातळ पट्टी आणि तिच्या वर-खाली बारा-बारा, म्हणजे २४ पिना. याच भोकातून वीज आत येते, याच भोकातून बाहेर जाते. माउस याला लागतो, मोठा पडदा याला लागतो, सिनेमाच्या संकलनाची दांडगी हार्ड डिस्कही यालाच लागते. आणि गंमत म्हणजे आत एकच भाषा बोलली जात नाही! चांगल्या लॅपटॉपच्या त्या भोकात यूएसबी २, यूएसबी ३, डिस्प्लेपोर्ट आणि पीसीआय एक्स्प्रेस अशी चार वेगवेगळी मानकं सुखाने नांदतात. प्रत्येकाचे नियम निराळे, वेग निराळा, स्वभाव निराळा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात; इथे चार कशा मावल्या?

ही गोष्ट एका भांडणापासून सुरू होते.

नव्वदच्या दशकातल्या संगणकाची पाठ आठवा. कीबोर्डचं भोक गोल, प्रिंटरचं लांबलचक आणि पंचवीस पिनांचं, मोडेमचं तिसरंच. काही नवं जोडलं की संगणक बंद करून पुन्हा चालू करा, मग हात जोडून वाट पाहा. घरी प्रिंटर जोडताना होणारी ही कटकट इंटेलमधल्या एका इंजिनियरला सहन होईना. त्यांचं नाव अजय भट. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले होते. सगळ्याला एकच भोक का नसावं, हा त्यांचा प्रश्न. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. जास्तीत जास्त वेग सेकंदाला १२ मेगाबिट.

तिकडे ॲपलच्या प्रयोगशाळेत १९८६पासून दुसरंच काही शिजत होतं. नाव फायरवायर. १९९५मध्ये ते आयईईई १३९४ या नावाने अधिकृत मानक झालं आणि त्याचा वेग होता सेकंदाला ४०० मेगाबिट. बारा कुठे आणि चारशे कुठे! मग आज तुमच्या घरात यूएसबीच्या डझनभर केबली आणि फायरवायरची एकही नाही, असं का?

उत्तर दोघांच्या स्वभावात आहे. यूएसबीच्या राज्यात संगणक हा एकमेव धनी. माउस स्वतःहून चकार शब्द बोलत नाही. तुम्ही तो हलवलात तरी तो गप्प बसून राहतो, कारण आधी संगणकाने विचारायला हवं: काही सांगायचंय का? साधारण माउसला हा प्रश्न सेकंदाला सव्वाशे वेळा विचारला जातो. बहुतेक वेळा उत्तर एकच: नाही. किती वेळखाऊ, नाही का? पण सगळं डोकं संगणकाकडे ठेवल्यामुळे माउसमधली चिप अगदी मठ्ठ चालते, आणि मठ्ठ चिप स्वस्त असते. केबलमध्ये तारा फक्त चार, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. यूएसबीचा प्लग पहिल्या फटक्यात कधीच बसत नाही म्हणून आपण ज्यांच्या नावाने बोटं मोडतो, त्या भटांनी नंतर सांगितलं की दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग करता आला असता, पण त्याला तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती. चार पैसे वाचवायला जगाने वीस वर्षं प्लग उलटासुलटा केला.

फायरवायरच्या राज्यात मात्र धनी कुणीच नाही. एका साखळीत ६३ पर्यंत उपकरणं, सगळी समान, कुणीही कुणाशीही बोलावं. दोन कॅमेरे केबलने जोडले की मध्ये संगणक नसतानाही एकातलं चित्रण दुसऱ्यात उतरायचं. शिवाय व्हिडिओसाठी ठरलेली जागा आधीच राखून ठेवलेली, म्हणजे चित्र अडखळत नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांना ही केबल चांगली ठाऊक आहे. मिनी-डीव्हीची तासाभराची टेप संगणकात घ्यायला बरोबर तासभर लागायचा आणि हार्ड डिस्कवर १३ जीबीच्या आसपास जागा जायची, पण एक फ्रेम गळायची नाही. ऑक्टोबर २००१मध्ये आलेला पहिला आयपॉडही फायरवायरवरच चालायचा. त्याच वर्षी फायरवायरला चक्क एमी पुरस्कार मिळाला. केबलला!

पण प्रत्येक उपकरणात हुशार चिप म्हणजे खर्च. त्यात ॲपलने सुरुवातीला दर पोर्टमागे एक डॉलर मागितला. नंतर हा आकडा खाली आला, पण तोवर संगणक बनवणाऱ्यांची मनं उडाली होती. यूएसबीला असा काही कर नव्हता. एप्रिल २०००मध्ये यूएसबी २ आलं, ४८० मेगाबिटचं. कागदावर ४८० हे ४०० पेक्षा मोठे. प्रत्यक्षात मोठी फाइल फायरवायरवरूनच आधी पोचायची, कारण यूएसबीचा बराच वेळ विचारपूस करण्यात जायचा. बाजाराने कागदावरचा आकडा पाहिला. माझ्या मते त्या काळात फायरवायर तंत्र म्हणून सरळसरळ सरस होतं, आणि तरीही हरलं ते रास्तच हरलं, कारण माउसला एमीविजेत्या केबलची गरज नसते.

तरी लक्षात घ्या, दहाएक वर्षं दोघं एकाच संगणकात शेजारी-शेजारी राहत होते आणि कधी धक्काबुक्की झाली नाही. प्रत्येकाचं भोक वेगळं, तारा वेगळ्या, सांभाळणारी चिप वेगळी. खरी धक्काबुक्की होते ती हवेत. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिट धावतं, तेव्हा त्याच्या तारांमधून सुटणारा विजेचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. तुमचा बिनतारी माउस बोलतो तोही तिथेच! शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या, पोर्टात हार्ड डिस्क लावल्यावर माउस अडखळत असेल, तर डोंगल जरा लांबच्या पोर्टात लावून बघा.

वेगळी भोकं असताना एकत्र राहणं सोपं. भोक एकच झालं की काय? २००८मध्ये यूएसबी ३ आलं तेव्हा इंजिनियरांनी जुन्या चार पिनांना हातही लावला नाही. त्याच चौकोनी भोकात नव्या पाच पिना बसवल्या. जुना पेनड्राइव्ह घातला की त्याला नव्या पिनांचा पत्ताच लागत नाही. म्हणजे ती निळी पोर्टं एका केबलमध्ये दोन स्वतंत्र यूएसबी चालवतात, जुनं आणि नवं, समांतर.

मग २०१४मध्ये आपलं लंबगोल भोक आलं, यूएसबी-सी. आता वेगवेगळ्या भाषांना त्याच तारा हव्या होत्या. कोण कधी बोलणार हे कोण ठरवणार? त्यासाठी दोन पिना राखून ठेवल्यात. फोनच्या बाजूला या पिनांवर ५.१ किलोओमचा इवलासा रोध असतो. केबल जोडताच चार्जर त्या पिनांवरचा दाब मोजतो आणि तेवढ्यावरून त्याला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे, आणि प्लग सुलटा बसलाय की उलटा. तोपर्यंत तो वीज सोडतच नाही! २०१९मध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन पिनांना मिळून एकच रोध लावला गेला. परिणाम? काही महागड्या, चिपवाल्या केबली लावल्या की चार्जरला तो संगणक म्हणजे हेडफोनचा जोड वाटायचा आणि तो वीज द्यायला नकार द्यायचा. साध्या स्वस्त केबलवर मात्र तो ठणठणीत चालायचा.

ओळखपाळख झाली की यातल्याच एका पिनेवरून खरं बोलणं सुरू होतं. तुला किती व्होल्ट हवेत? तू पडदा आहेस का? पडदा असेल, तर एका क्षणापूर्वी यूएसबीच्या असलेल्या तारा डिस्प्लेपोर्टला देऊन टाकल्या जातात. तांबं तेच, भाषा बदलली.

पण सगळ्यांनाच एकाच वेळी बोलायचं असेल तर? इथे थंडरबोल्ट येतं. इंटेलने ॲपलच्या साथीने ते २०११मध्ये बाजारात आणलं, तेव्हा ते यूएसबीचं प्रतिस्पर्धीच होतं. कोकण रेल्वेची रो-रो सेवा ठाऊक असेल तुम्हाला. १९९९पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच्या ट्रक उघड्या वाघिणींवर चढवून नेले जातात. आत सिमेंट आहे की कांदे, याच्याशी रेल्वेला देणंघेणं नसतं. वेर्ण्याला उतरला की ट्रक पुन्हा रस्त्याला लागतो, जणू काही झालंच नाही. थंडरबोल्ट नेमकं हेच करतं. पीसीआय एक्स्प्रेसची आणि डिस्प्लेपोर्टची माहिती तिच्या मूळ रूपातच आपल्या गाडीवर चढवायची आणि पलीकडे जशीच्या तशी उतरवायची. २०१५मध्ये थंडरबोल्ट ३ने यूएसबी-सीचंच भोक घेतलं. २०१९मध्ये इंटेलने आपली पद्धत यूएसबीच्या संघटनेला देऊन टाकली आणि तिच्यातून यूएसबी ४ उभं राहिलं. प्रतिस्पर्ध्याचे रूळच यूएसबीचे रूळ झाले! यूएसबी २ मात्र आजही गाडीवर चढत नाही. २०००सालचं ते मानक आपल्या दोन खास तारांवरून शेजारून पायी चालत राहतं.

आणि हरलेलं फायरवायर? ॲपलने २०१२मध्ये थंडरबोल्टला फायरवायर लावायचा एक जोड काढला. त्याच्या आतली चिप संगणकाला पीसीआय एक्स्प्रेसवरचं उपकरण वाटते. संगणकाची प्रणाली साथ देत असेल, तर जोडाला जोड लावून जुना कॅमेरा आजच्या लंबगोल भोकातून बोलू शकतो. म्हणजे ज्याने हरवलं त्याच्याच घरात फायरवायर पाहुणा. शिवाय एफ-३५ या लढाऊ विमानाचे उड्डाण-नियंत्रणाचे संगणकही फायरवायरच्याच एका सुधारित रूपावर एकमेकांशी बोलतात.

आता थोडं तारेच्या आत डोकावू. यूएसबीच्या पहिल्या काळात, १२ मेगाबिटला, एक बिट तारेवर टिकायचा सेकंदाचा एक कोटी वीस लाखावा भाग. तेवढ्या वेळात संकेत तांब्यातून सोळा-सतरा मीटर धावतो. केबल मात्र जास्तीत जास्त पाच मीटरची! म्हणजे एक बिट केबलपेक्षा लांब होता. त्याचं डोकं पलीकडे पोचायचं तेव्हा शेपूट अजून निघालेलंही नसायचं. आज ४० गिगाबिटच्या केबलमध्ये तारांच्या एका जोडीवर सेकंदाला २० अब्ज बिट जातात आणि एका बिटाच्या वाट्याला येते अवघी एक सेंटीमीटर तार. ८० सेंटीमीटरच्या केबलमध्ये प्रत्येक जोडीवर एका क्षणी ऐंशीच्या आसपास बिट रांगेने धावत असतात. कोणत्याही चिपची मदत नसलेली पूर्ण वेगाची केबल एवढी आखूड का असते, ते आता कळलं ना? याहून लांब तारेत बिट ओळखू येईनासे होतात.

तर प्रतिस्पर्धी मानकं एकत्र राहू शकतात का? राहतात, आणि झकास राहतात. भुर्दंड मात्र आपल्या माथी. भोक एकच झालं, पण केबली एकसारख्या झाल्या नाहीत. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच यूएसबी-सी केबलींमध्ये माहितीसाठी फक्त यूएसबी २च्या दोन तारा असतात, ४८० मेगाबिटच्या. दिसायला तशीच असलेली दुसरी केबल त्याच्या ऐंशीपट वेगवान असते. पुढच्या वेळी दुकानात केबल घ्याल तेव्हा रंग पाहू नका, प्लगवर किंवा खोक्यावर किती गिगाबिट आणि किती वॅट छापलंय ते वाचा. काहीच छापलेलं नसेल, तर ती फोन चार्ज करायला ठेवा आणि हार्ड डिस्कसाठी दुसरी मागा.