डोके दुखणे हा बहाणा नव्हे

परवा दहावीतली एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. "अभ्यासाचं नाव काढलं की हिचं डोकं दुखतं," आई म्हणाली. मुलीने मान खाली घातली. मळमळ, उजेड व आवाज असह्य. तपासणीअंती निदान झाले अर्धशिशीचे, म्हणजेच मायग्रेनचे. मुलांत दोन्ही बाजूंनीही डोके दुखते, म्हणून पालकांच्या लक्षात येत नाही.

"पुन्हा दुखेल का?" या धास्तीनेच झोप उडते, आणि ताण व अपुरी झोप दुखण्याला आमंत्रण देतात. हे चक्र सैल करायला सजगतेचा सराव मदत करू शकतो. जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये त्याचा अभ्यासक्रम सुरू केला.

मी तिला सांगितले, रोज दहा मिनिटे शांत बस. श्वास येतो-जातो, एवढेच पाहा. मन भरकटले तर स्वतःवर न चिडता परत आण. खांदे, जबडा आवळलेले जाणवले तर सैल सोड.

याने अर्धशिशी मुळापासून जात नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नये. मात्र साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी महिनोन् महिने घेतल्यास गोळीमुळेच डोके दुखू लागते. तापाबरोबर मान आखडली, हातापायांतली शक्ती गेली किंवा अचानक असह्य दुखले तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

आणि पालकहो, पहिला उपाय तुमच्याच हाती आहे : मुलांचे दुखणे खरे माना.