चुरशीच्या प्रेमकथेची जुळणी

एकमेकांना हरवायला निघालेली दोन माणसं प्रेमात पडतात, ही कल्पना जुनी असूनही वाचकाला हवीहवीशी वाटते. लिहायला बसलं की मात्र तीच कथा दोन-तीन प्रकरणांत थकते. बहुतेक वेळा लेखकाने चुरस म्हणून नुसतं भांडण रंगवलेलं असतं. गैरसमज मिटला की भांडण संपतं, आणि त्याबरोबर कथाही. खरी चुरस तशी संपत नाही. दोघांना हवी ती गोष्ट एकच असते, ती एकालाच मिळणार असते आणि दोघंही तिच्या लायक असतात.

म्हणून बीज शोधताना नायक-नायिका नंतर, आधी ती गोष्ट शोधावी. देवगडचे दोन हापूस बागायतदार घ्या. हंगामाच्या सुरुवातीची पेटी वाशीच्या बाजारात कोणाची पोचते, यात पैसा आहे आणि मानही. शेजारच्या बागेत मोहोर कधी आला, फवारणी कोणती झाली, यावर दोघांचा डोळा असतो. अवकाळी पाऊस आणि फुलकिडे मात्र दोघांना सारखेच छळतात. एवढ्यावर कादंबरी उभी राहते. उलट, पुण्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघं, हे बीज दिसतं आकर्षक, पण तिथे स्पर्धा हजारो अनोळखी उमेदवारांशी असते. शेजारी बसलेला सोबतीच होतो, प्रतिस्पर्धी नाही.

मला सर्वांत सकस वाटतं ते सिंधुदुर्गातल्या डबलबारीचं, म्हणजे आळीपाळीने रंगणाऱ्या भजनाच्या सामन्याचं बीज. दोन भजनी बुवा, प्रत्येकाचा पखवाज, झांजा आणि कोरस, आणि रात्री उशिरापर्यंत हलायला तयार नसलेले श्रोते. एक गातो तेव्हा दुसऱ्याला ऐकावंच लागतं, कारण त्याच्या चिमट्याला आपल्या बारीत उत्तर द्यायचं असतं. प्रेमकथेला नेमकं हेच लागतं. समोरच्याचा श्वास कुठे कमी पडतो, कोणती जागा तो जिवापाड घेतो, हे प्रतिस्पर्ध्याइतकं घरच्यांनाही ठाऊक नसतं. या क्षेत्रात आता स्त्रियाही बुवा म्हणून उभ्या राहतात, त्यामुळे नायिकेला ओढूनताणून मंचावर आणावं लागत नाही.

आता वळण. एका सामन्यात तिचा घसा बसतो. त्याने वरच्या पट्टीतली चाल धरली तर तिला उत्तर देणं अशक्य होईल, हे त्याला कळतं. तो ती धरत नाही. श्रोत्यांना काही उमगत नाही, तिला मात्र लगेच उमगतं. इथे घाईचा लेखक तिच्या डोळ्यांत कृतज्ञता आणतो. तिला राग यायला हवा. इतकी वर्षं जो आपल्याला तोलामोलाचं मानत होता, त्यानेच आज सूट दिली, हे तिला झोंबलं पाहिजे. पुढच्या सामन्याआधी ती त्याला बजावते, ‘पुन्हा असं केलंस तर तुझ्यासमोर बसणार नाही.’ मग तो सगळा जोर लावून गातो. ती त्याची माफी असते, आणि प्रेमाची कबुलीही. मुद्दाम हरणारा प्रियकर मला कधीच पटलेला नाही. त्यात समोरच्याच्या कर्तृत्वाचा अपमान आहे.

चुरशीची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये शब्दांनी एकमेकांना घायाळ करणारे बिअॅट्रिस आणि बेनेडिक प्रेम कबूल करतात, आणि ती लगेच त्याच्याच मित्राला मारायला सांगते. थट्टेतलं नाटक तिथे गंभीर होतं. 1998 च्या ‘यू हॅव गॉट मेल’मध्ये नायकाच्या मोठ्या पुस्तकदालनामुळे नायिकेचं, आईकडून आलेलं छोटं दुकान बंद पडतं आणि तरीही शेवट गोड होतो. चित्रपट लोभस आहे, पण किंमत एकटीनेच मोजली, हे शल्य पुसलं जात नाही. आपल्या कथेत तसं होऊ देऊ नये.

डबलबारीच्या कथेत ती किंमत दोन्ही संचांकडून येऊ शकते. ‘या दोघांचं जमलं, आता सामना खोटा,’ असं गावात बोललं गेलं की सुपाऱ्या कमी होतील. त्याच्या पखवाजवाल्याचं आणि तिच्या कोरसमधल्या बायकांचं पोट त्यावर आहे. आता प्रश्न दोघांच्या मनाचा उरत नाही, आणि कथेचा उत्तरार्ध इथून सुरू होतो. लपवावं, की सांगून टाकून पहिल्यापेक्षा कडक गावं? लग्नानंतरही समोरासमोर बसायचं, की एकच संच करायचा? एक संच केला तर संसार सुखाचा होईल, पण ज्या ऐकण्यातून प्रेम उगवलं तेच थांबेल. मी लिहिली तर दोघांचे संच वेगळेच ठेवीन आणि शेवटच्या प्रकरणात तिला त्याच्यावर इतका जिव्हारी लागणारा गजर देईन, की त्याला उत्तर शोधायला पुढची बारी पुरणार नाही.