दहावीनंतरचे दोन महिने



"पाड्यावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आम्हांला काय करता येईल? शिलाई मशीन पाठवू का?" असे मला शहरातल्या मंडळ्यांतून नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्यांचे मन मोठे असते, म्हणूनच उत्तर देताना मी थोडी अडखळते. मशीनविषयी पुढे सांगते. आधी एका मुलाविषयी.

नवापूर तालुक्यातल्या आमच्या भागातला हा मुलगा. दहावीला ५८ टक्के. घरात दहावी झालेला तो पहिलाच. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचे होते, कारण पाड्यावरची लाईट गेली की तीन-तीन दिवस कोणी फिरकत नसे, आणि चौथ्या दिवशी खांबावर चढणाऱ्या माणसाला घरोघरी चहा मिळत असे. मी त्याचा आयटीआयचा ऑनलाइन अर्ज स्वतः भरला, प्रिंट काढून त्याच्या हातात दिली आणि निश्चिंत झाले. पण ऑनलाइन अर्ज म्हणजे अर्धेच काम. मूळ कागदपत्रे घेऊन मुदतीच्या आत आयटीआयमध्ये जाऊन तो अर्ज निश्चित करावा लागतो. नाहीतर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. हे मला ठाऊक होते. मी त्याला सांगितलेही होते. पण त्याच्यासोबत गेले नाही. पाऊस वेळेवर आला, घरात पेरणी सुरू झाली आणि मुदत निघून गेली. दिवाळीनंतर वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली व मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला.

चूक माझी होती. त्यानंतर आम्ही कामाची रीत बदलली. ती समजावून सांगावी म्हणून हे लिहीत आहे. कदाचित तुमच्या मंडळीच्या आसपासच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, हा अजूनही आमच्या मुलांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वय १४ पूर्ण हवे. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे. त्यांना दहावी उत्तीर्ण लागते, तीही विज्ञान व गणित घेऊन. वेल्डर एका वर्षाचा. काही ट्रेडना दहावी नापास मुलेही चालतात, आणि ही गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. निकालात 'अनुत्तीर्ण' पाहिले की ते मुलाला थेट कामाला लावतात. राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के आरक्षण आहे, शिवाय आदिवासींसाठी वेगळ्या शासकीय आयटीआयही आहेत. त्यामुळे जागा नसते असे नाही. मुले जागेपर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच.

अर्जातला सर्वांत नाजूक भाग पसंतीक्रमाचा. मुले दोन ट्रेड लिहितात आणि थांबतात. दोन्ही हुकले की पहिली फेरी रिकामी जाते. उलट, पहिल्याच पसंतीची जागा मिळाली आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून पहिली पसंती विचार करूनच लिहायची, आणि खाली यादी लांब ठेवायची: जवळच्या तालुक्यांतल्या संस्था, वसतिगृह असलेल्या संस्था, दुसऱ्या-तिसऱ्या आवडीचे ट्रेड. आम्ही हे काम मुलाच्या आईसमोर बसून करतो. मुलगी किती लांब राहू शकेल, हे आईलाच माहीत असते.

आता कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते. यादी छोटी दिसते. पण जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो आणि त्यासाठी आजोबा-वडिलांचे जुने पुरावे शोधावे लागतात. आमच्या अनुभवात याला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिनेही. नावांचा घोळ तर विचारू नका. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत वडिलांचे नाव तिसरेच. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचा वाढदिवस १ जून आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच आयुष्यभर चालते. आधारवर वेगळी तारीख पडली असेल तर ती दुरुस्त करण्यात महिना जातो. म्हणून आम्ही आता हे काम निकालानंतर नव्हे, नववीच्या दिवाळीच्या सुटीत सुरू करतो. मार्चपासून मोहफुले, मग लग्नसराई, मग तेंदूपत्ता. त्या दिवसांत कोणाला तालुक्याला जायला सवड नसते.

शिष्यवृत्तीचेही तसेच. दहावीनंतरच्या आदिवासी विद्यार्थ्यांना, पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास, महाडीबीटीवर अर्ज करून शिष्यवृत्ती मिळते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, पण उशिरा येतात. मुलांची गळती नेमकी या मधल्या काळात होते. एसटीचे भाडे, खानावळीचे पैसे, वर्कशॉपचे बूट. फी माफ झाली तरी जेवण माफ होत नाही.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांचे काय? दहावीची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी करता येते. त्यासाठी वय १४ पूर्ण असावे लागते. शिरूर तालुक्यातील पाबळचा विज्ञान आश्रम अशा मुलांसाठी मला फार मोलाचा वाटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुले वर्कशॉप, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चारही विभागांत हाताने काम करून शिकतात. पाड्यावरच्या माणसाला एकच धंदा पुरत नाही. त्याला वेल्डिंगही यावे लागते, कोंबड्याही पाळाव्या लागतात आणि पंपही उघडता यावा लागतो. डॉ. कलबागांनी हे ओळखले होते.

थोड्या मुदतीच्या सरकारी योजनांत वयाकडे नीट लक्ष द्यावे. जन शिक्षण संस्था १५ वर्षांपुढील, कमी शिकलेल्यांना घेतात. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतही कागदावर वय १५ पासून आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत मोफत निवासी प्रशिक्षण मिळते, पण वय १८ लागते. शिबिरात येऊन "तीन महिन्यांत नोकरी, राहणे-खाणे फुकट" असे सांगणाऱ्यांपासून मात्र सांभाळून राहावे. एका खासगी प्रशिक्षण संस्थेवर विश्वास ठेवून आम्ही पाच मुलींना लांबच्या शहरात पाठवले. शिवणकाम शिकवणार म्हणाले आणि पहिल्या आठवड्यापासून दहा-दहा तास कपड्यांना घड्या घालायला लावल्या. सतराव्या दिवशी त्यांतल्या एकीने दुकानदाराच्या फोनवरून आम्हांला कळवले. आम्ही जाऊन त्यांना घेऊन आलो. तेव्हापासून कोणालाही पाठवण्यापूर्वी आमच्यापैकी दोघे जण ती जागा, राहण्याची खोली आणि स्वच्छतागृह स्वतः पाहून येतात. कायदाही माहीत असावा: १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांवर घेता येत नाही. मूल अडचणीत असल्यास १०९८ हा क्रमांक लावावा. हा क्रमांक आमच्या प्रत्येक मुलीला पाठ असतो.

आता स्वयंसेवेविषयी. पुष्कळ वाचकांना वाटते की गरीब घरच्या मुलाने आधी कमवावे, सेवा नंतर. मी उलट पाहिले आहे. आमच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत नववी-दहावीची मुले तिसरी-चौथीच्या मुलांना मावचीतून गणित समजावतात. शिक्षकांची मराठी जिथे अडते तिथे त्यांची भाषा चालते. पल्स पोलिओच्या दिवशी दोन मुली बूथवर मदतीला बसतात. एक मुलगा आजी-आजोबांना बँकेत घेऊन जातो आणि पैसे काढण्याची चिठ्ठी भरून देतो. आठ महिन्यांपूर्वी तो माझ्यासमोर मान वर करून बोलत नव्हता. अकरावी-बारावीत गेल्यावर कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तिथे नाव घालावे. ही योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे शिबिर.

मात्र सेवा म्हणजे फुकटची मजुरी होऊ नये. मंडळीच्या कार्यक्रमात खुर्च्या उचलणे आणि भांडी घासणे एवढेच काम मुलांच्या वाट्याला येत असेल, तर त्याला सेवेची संधी म्हणू नये. हे आपल्या घरचेच म्हणून स्पष्ट लिहिते. आमच्याकडे आठवड्याला चार तासांहून अधिक काम नाही, परीक्षेच्या महिन्यात अजिबात नाही. पालकांची लेखी संमती घेतो, मुलगी असेल तर तिला एकटीला कुठे पाठवत नाही, आणि सहा महिन्यांनी किती तास कोणते काम केले याचे सहीचे पत्र देतो. हे पत्र मुले लॅमिनेट करून ठेवतात.

आणि ते शिलाई मशीन. एका वर्षी आम्ही वर्ग घेऊन सहा मशिने वाटली. दोन वर्षांनी पाहिले तर दोनच चालू होती. आठवडे बाजारात तयार कपडे स्वस्त मिळतात, आणि पट्टा तुटला तर दुरुस्तीला तालुक्याला जावे लागते. चालू राहिलेली दोन्ही मशिने ज्यांच्याकडे होती, त्या मुलींनी नंतर आयटीआयमध्ये शिवणकामाचा ट्रेड केला होता. म्हणून कोणी विचारले तर मी सांगते, एका मुलाच्या दहा महिन्यांच्या जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च उचला. मशीनसारखा त्याचा फोटो काढता येत नाही, याची मला कल्पना आहे. पैसे देणे शक्य नसेल आणि तुम्ही निवृत्त कारकून किंवा शिक्षक असाल, तर जूनमध्ये पंधरा दिवस आमच्याकडे या. अर्ज भरणारी, स्पेलिंग तपासणारी आणि मुलांसोबत एसटीने तालुक्याला जाणारी माणसे आम्हांला नेहमीच कमी पडतात.

तो मुलगा पुढच्या मार्चमध्ये ऊसतोडीहून परत आला. हाताला कोयत्याचा घट्टा पडला होता. आम्ही पुन्हा अर्ज भरला, आणि या वेळी मी त्याच्याबरोबर रांगेत उभी राहिले. इलेक्ट्रिशियनची जागा त्याला मिळाली नाही. पाचव्या पसंतीचे वेल्डर मिळाले. ते वर्ष पूर्ण करून तो आता एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे आणि विद्यावेतनातून घरी पैसे पाठवतो. पाड्यावरची लाईट अजूनही तीन-तीन दिवस येत नाही. त्याची धाकटी बहीण यंदा दहावी झाली. तिने पहिल्या पसंतीला इलेक्ट्रिशियन लिहिले आहे. अर्ज निश्चित करायला मंगळवारी सकाळच्या सातच्या गाडीने आम्ही दोघी जाणार आहोत.