रिकाम्या खुर्चीचे मत

मुंबई, इंदूर, सोलापूर येथील कापडगिरण्या जेव्हा तिन्ही पाळ्यांत धडधडत होत्या, तेव्हा पाळी बदलण्याच्या सुमारास गिरणीच्या दारापाशी कामगारांचा एक निराळाच घोळका उभा असलेला दिसे. हे ‘बदली’ कामगार. कायमचा कामगार आजारी पडला, गावी गेला किंवा त्या दिवशी फिरकलाच नाही, तर त्याचा साचा बदलीवाल्याला मिळे. तो आला, तर बदलीवाला हात हलवीत घरी परते. बदलीवाल्याच्या जिवाची त्यात काय ओढाताण होई तो प्रश्न वेगळा. साचा रिकामा राहू नये, एवढाच गिरणीमालकाचा त्यातील हेतू असे.

अमेरिकेतील नगरांमध्ये जमिनीच्या वापराविषयी निर्णय देणारी जी नागरिकांची मंडळे असतात, त्यांवरही असे बदली सभासद नेमण्याची प्रथा आहे. त्यांना तेथे पर्यायी सभासद म्हणतात. विषय वरकरणी रुक्ष आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु एखाद्या माणसाला आपल्या स्वतःच्या जागेत एक खोली वाढविता येईल की नाही, हे त्या संध्याकाळी कोण सभेस आले आणि कोण आले नाही यावर ठरत असेल, तर तो विषय रुक्ष म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

ही मंडळे निघाली कशी, ते थोडक्यात पाहू. न्यूयॉर्क शहरात १९१५ साली ब्रॉडवे रस्त्यावर ‘इक्विटेबल बिल्डिंग’ नावाची सुमारे ४० मजल्यांची एक अवाढव्य इमारत उभी राहिली आणि आसपासच्या रस्त्यांवर दिवसाढवळ्या तिची सावली पडू लागली. शहराचे निरनिराळे विभाग पाडून कोठे घरे असावीत, कोठे दुकाने, कोठे कारखाने आणि कोणत्या इमारतीने किती उंच जावे, हे ठरविणारा नियम त्या शहराने १९१६ साली केला, त्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत ही सावलीही होती. योगायोग असा की, त्याच साली पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार आपल्या बडोद्याच्या वाढीविषयी अहवाल लिहीत होते आणि पुढे १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबारासाठी आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. गेडिस यांचा अहवाल जाई तो संस्थानिकाच्या दरबारी. अमेरिकेत मात्र नियमाच्या अंमलबजावणीचा एक नाजूक भाग सामान्य नागरिकांच्या एका लहानशा पंचमंडळाच्या हाती देण्यात आला.

नाजूक भाग तो कोणता? नियम सर्वांना सारखा. पण जमिनीचे तुकडे सारखे नसतात. एखादा भूखंड त्रिकोणी असतो, एखाद्याच्या मधोमध उतार असतो, एखाद्यातून ओहोळ वाहतो. अशा जागी दोन्ही बाजूंना ठराविक अंतर सोडा म्हटले, तर घरासाठी जागाच उरत नाही. अशा प्रसंगी नियमाच्या शब्दाला किंचित मुरड घालून सूट देण्याचा अधिकार या मंडळाला असतो. हर्बर्ट हूवर हे व्यापारमंत्री असताना त्यांच्या खात्याने नेमलेल्या समितीने राज्यांसाठी विभागीकरणाच्या कायद्याचा एक नमुना तयार केला. त्याचा पहिला खर्डा १९२२ सालचा आणि सुधारून पक्का केलेला मसुदा १९२६ सालचा. त्याच १९२६ च्या नोव्हेंबर महिन्यात ओहायो राज्यातील युक्लिड या गावच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागीकरण घटनेला धरून आहे असा निर्वाळा दिला आणि राज्यांनी हा नमुना भराभर उचलला.

त्या नमुन्यात मंडळ पाच सभासदांचे होते. अर्जदाराच्या बाजूने निर्णय द्यावयाचा, तर चार सभासदांचे एकमत हवे, अशी अट घालण्यात आली. सवलती खिरापतीसारख्या वाटल्या जाऊ नयेत, म्हणून ही कडक अट. हेतू चांगला होता. पण या अटीतील ‘चार’ म्हणजे उपस्थितांपैकी चार नव्हे, तर मंडळातील पाचांपैकी चार. येथेच मेख आहे.

समजा, एका संध्याकाळी पाचांपैकी चार सभासद आले. एक परगावी गेला आहे. आता अर्जदाराला चारांपैकी चारही मते मिळाली पाहिजेत; एकाने जरी मान हलविली, तरी अर्ज नामंजूर. तिघेच आले, तर अर्जदाराची बाजू कितीही न्याय्य असो, मंजुरी मिळणे गणिताने अशक्य. म्हणजे जो सभासद आला नाही, ज्याने नकाशा पाहिला नाही, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले नाही, त्याचे मत विरुद्ध पडल्यासारखेच झाले. रिकामी खुर्ची मतदान करते, आणि ती नेहमी ‘नाही’ म्हणते!

यात कोणाच्या वाईट हेतूचा प्रश्न नाही. हे सभासद बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात. दिवसभर आपापला व्यवसाय करून रात्री सभेस येतात. कोणी आजारी पडतो, कोणाच्या घरी लग्न निघते. त्यातून मंडळ लहान, म्हणून एका माणसाची उणीवही मोठी. अनेक ठिकाणी अध्यक्ष सभेच्या आरंभीच अर्जदाराला विचारतात : “आज आम्ही चौघेच आहोत, आपले प्रकरण आज चालवावयाचे, की पुढील सभेपर्यंत थांबावयाचे?” प्रश्न सौजन्याचा आहे, पण उत्तर देणाऱ्याची स्थिती पाहा. सभा महिन्यातून एकदा. थांबावे तर वकिलाचा आणि वास्तुशिल्पज्ञाचा आणखी एका रात्रीचा आकार. ठेकेदार दुसऱ्या कामाला लागतो. आणि उत्तरेकडील राज्यांत शरद ऋतूतील एक महिना गमावला की जमीन गोठते आणि पायाचे काम वसंतावर जाते. न थांबावे तर चारांपैकी चार मतांचा जुगार.

यावर उपाय म्हणून राज्यांच्या कायद्यांत पर्यायी सभासदाची तरतूद आली. कल्पना साधी : दोन, तीन किंवा चार माणसे आधीच रीतसर नेमून ठेवावयाची, नियमित सभासद गैरहजर असला किंवा त्याला त्या प्रकरणात बसता येत नसले, की यांच्यापैकी एकाने त्या खुर्चीत बसावयाचे आणि पूर्ण अधिकाराने मत द्यावयाचे. क्रिकेटमधील बाराव्या गड्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती नीट जुळत नाही. बारावा गडी क्षेत्ररक्षण करतो, फलंदाजी करीत नाही. पर्यायी सभासद मात्र एकदा खुर्चीत बसला की डाव पूर्ण खेळतो.

“बसता येत नसले” असे मी म्हटले, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे, कारण लहान गावात गैरहजेरीपेक्षाही ही अडचण मोठी असते. पाच-दहा हजार वस्तीच्या गावात मंडळावरील वकील अर्जदाराचा जुना सल्लागार निघतो, घरबांधणीचा ठेकेदार त्याचा भागीदार निघतो, आणि तिसऱ्याचे घर अर्जदाराच्या कुंपणाला लागून असते. या सर्वांनी त्या प्रकरणापुरते उठून बाजूला व्हावयाचे असते. सभासद प्रामाणिकपणे उठून गेला, तर रिकाम्या खुर्चीमुळे अर्जदार बुडतो. बसून राहिला, तर निर्णय पुढे न्यायालयात टिकत नाही. पर्यायी सभासद तयार असेल, तर प्रामाणिकपणाची किंमत अर्जदाराला मोजावी लागत नाही.

आता खरा वादाचा मुद्दा : बदली माणसाला बोलवावयाचे कोणी? वाटते तितका हा प्रश्न किरकोळ नाही. तीन पर्यायी सभासद आहेत. एक बांधकामाला अनुकूल म्हणून प्रसिद्ध, दुसरा प्रतिकूल, तिसरा अधलामधला. ज्याच्या हाती निवड, त्याच्या हाती पाचवे मत. निरनिराळ्या राज्यांनी याची उत्तरे निरनिराळी दिली आहेत, आणि ती पाहण्यासारखी आहेत.

टेक्सासमध्ये महापौराने किंवा नगर-व्यवस्थापकाने विनंती केली म्हणजे पर्यायी सभासद येतो. तेथे प्रत्येक प्रकरण मंडळाच्या किमान ७५ टक्के सभासदांपुढे चालले पाहिजे अशी अट असल्याने, पाचांच्या मंडळात चार माणसे नसतील तर सुनावणीच होत नाही. तेव्हा कोणीतरी तातडीने माणूस बोलावणे प्राप्तच असते. पण हे काम महापौराकडे असावे, हे माझ्या मते फारसे बरे नव्हे. कनेक्टिकटमध्ये पाच नियमित आणि तीन पर्यायी सभासद असतात. गैरहजर राहणारा सभासद स्वतःच आपला बदली सुचवू शकतो; त्याने सुचविला नाही, तर अध्यक्षाने पाळीपाळीने अशा रीतीने बोलवावयाचे की, प्रत्येकाला शक्य तितकी सारखी संधी मिळावी. पाळी लावणे ही युक्ती जुनी आणि आपल्या देवळांतील पूजेच्या पाळ्यांइतकी परिचित आहे. तिच्यामुळे निवडीची संधीच नाहीशी होते. मात्र गैरहजर सभासदाला आपल्या मताचा माणूस पाठविण्याची जी मुभा ठेवली आहे, तिने ही युक्ती थोडी अधू झाली आहे.

सर्वांत नेटकी व्यवस्था मला न्यू जर्सीची वाटते. त्या राज्यात आज मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि तेथे घर किंवा दवाखाना बांधू पाहणाऱ्या आपल्या एखाद्या आप्ताला या मंडळापुढे उभे राहण्याचा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. तेथील मंडळ सात जणांचे असते, आणि नगराला जास्तीत जास्त चार पर्यायी सभासद नेमता येतात. त्यांना नेमतानाच क्रमांक दिलेला असतो : पर्यायी क्रमांक १, क्रमांक २ याप्रमाणे. दोघांपैकी कोणी मत द्यावे असा प्रश्न आला, तर क्रमांक १ ने द्यावे, वाद संपला. नियमित सभासद येईपर्यंत मतदान लांबवावे, अशी सबब चालत नाही. आणि सर्व सभासद हजर असतानाही पर्यायी सभासदाला चर्चेत भाग घेता येतो, फक्त मत देता येत नाही. ज्या विभागात जो वापर मना आहे, तो तेथे करावयाची परवानगी हवी असेल, म्हणजे उदाहरणार्थ राहत्या घरांच्या विभागात दवाखाना काढावयाचा असेल, तर सातांपैकी पाच मते लागतात. एवढ्यावरून चार पर्यायी सभासदांचे महत्त्व लक्षात येईल.

चर्चेत बसण्याची ही मुभा शोभेची नव्हे. प्रकरण पुष्कळदा एका सभेत संपत नाही. मार्चमध्ये साक्षी झाल्या, एप्रिलमध्ये उलटतपासणी, मे महिन्यात मतदान. मार्चमध्ये नसलेला माणूस मे महिन्यात मत कसे देणार? ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली मॉर्गन यांच्या खटल्यात ठामपणे मांडले. आपल्याकडेही १९५८ साली आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात, गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तोच विचार स्वीकारला. तेथे हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी; ऐकणारा एक आणि ठरविणारा दुसरा, तर सुनावणी पोकळ ठरते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पर्यायी सभासद प्रत्येक सभेस येऊन बसत असेल, तर ही अडचण पुष्कळशी दूर होते. न्यू जर्सीत आणखी एक वाट आहे : चुकलेल्या सभेचा संपूर्ण वृत्तांत वाचला किंवा ध्वनिमुद्रण ऐकले, असे लेखी प्रमाणपत्र देऊन सभासदाला मत देता येते. मिशिगनचा नियम याच्या पुढे एक पाऊल जातो. तेथे पर्यायी सभासद एकदा एका प्रकरणात बसला, की अंतिम निर्णय होईपर्यंत तोच बसतो.

उत्तर कॅरोलिनाने दुसऱ्याच टोकाने हा प्रश्न हाताळला आहे. तेथे सूट देण्यासाठी चार-पंचमांश मते लागतात. परंतु जागा रिकामी असेल किंवा सभासद हितसंबंधामुळे अपात्र ठरला असेल, आणि त्याच्या जागी बसण्यास पात्र पर्यायी सभासद उपलब्ध नसेल, तर ती जागा हिशेबातूनच वगळतात. पाचांपैकी दोघे अपात्र ठरले, तर उरलेल्या तिघांवर हिशेब. तिघांचे चार-पंचमांश म्हणजे दोनपेक्षा अधिक, अर्थात तिन्ही मते हवीत. पूर्वी जे अशक्य होते ते आता नुसते अवघड झाले, इतकाच फरक. आणि केवळ गैरहजर असलेल्या सभासदाला ही वजावट लागू नाही. तेव्हा या सोयीनंतरही माणूस हजर असण्याला पर्याय उरत नाही.

एक धोका शेवटी सांगितला पाहिजे. राज्याच्या कायद्यात तरतूद नसताना नगराने आपल्या मर्जीने पर्यायी सभासद नेमला, किंवा सर्व नियमित सभासद बसलेले असताना त्याने मत दिले, तर पुढे सारा निर्णयच आव्हानास पात्र होतो, आणि ज्याच्या सोयीसाठी हे सारे केले तो अर्जदारच पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून काळजीपूर्वक चालणारी मंडळे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी कोण कोणाच्या जागी बसला आणि का, हे इतिवृत्तात नावानिशी लिहून घेतात. त्या एका ओळीला लागतो एक मिनिट. पण प्रकरण न्यायालयात गेले, तर वकील प्रथम तीच ओळ शोधतात.