पुदिना कुलातील सुगंधी वनस्पती : पालघर परिसरातील परंपरागत उपयोग व त्यांमागील रसायनशास्त्र

बीजशब्द : लॅमिएसी, बाष्पनशील तेल, युजेनॉल, निर्गुडी, लोकज्ञान

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या पश्चिमेस बोईसर-तारापूर ही औद्योगिक वसाहत असून तेथे औषधद्रव्ये, रंजके व अन्य रसायने तयार होतात. पूर्वेस जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी आदी समाज वनस्पतींचा उपयोग अन्न व औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. कारखान्यातील रिअॅक्टरमध्ये उष्णता, दाब व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने जी कार्बनी संयुगे घडविली जातात, त्याच जातीची संयुगे तुळशीचे पान सामान्य तापमानास विकरांच्या मदतीने तयार करते. प्रस्तुत लेखात पुदिना कुलातील परिचित वनस्पतींच्या परंपरागत उपयोगांचा रसायनशास्त्राच्या दृष्टीने विचार केला आहे.

कुलाची ओळख

लॅमिएसी कुलात सुमारे २३० प्रजाती व ७,००० जातींचा समावेश होतो. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने व ओठांप्रमाणे दुभंगलेले फूल ही बहुतेकांची ओळख होय. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा व पाच या वनस्पती या कुलातील आहेत. निर्गुडी, भारंगी, शिवण व साग यांचा समावेश पूर्वी व्हर्बिनेसी कुलात केला जात असे. नव्या वर्गीकरणानुसार त्याही लॅमिएसीत येतात. म्हणजेच अंगणातील तुळस आणि डोंगरावरील साग हे एकाच कुलाचे सदस्य ठरतात. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले असता हात लाल होतो, हा खेळ येथील मुलांच्या परिचयाचा आहे. सागाच्या लाकडास वाळवी सहजासहजी लागत नाही, यास त्यातील टेक्टोक्विनोनसारखी क्विनोन वर्गातील संयुगे कारणीभूत आहेत.

सुगंधाचे रसायन

या कुलातील सुगंधी वनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथिल केस असतात व त्यांत बाष्पनशील तेल साठविलेले असते. पान चुरगाळताच या ग्रंथी फुटतात आणि वास दरवळतो. तेलातील घटक मुख्यतः दोन मार्गांनी तयार होतात. पाच कार्बनच्या आयसोप्रीन घटकांची जोडणी होऊन टर्पीन संयुगे बनतात. मेंथॉल, कार्व्होन व थायमॉल ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या मार्गात फेनिलअॅलनीन या अमिनो आम्लापासून तुळशीतील युजेनॉल तयार होते. लवंगेच्या तेलातही हेच प्रमुख संयुग असते.

रेणूची रचना किंचित बदलली तरी गंध बदलतो. आपल्या स्वयंपाकातील पुदिन्याचा व बाळंतशेपाचा प्रमुख घटक कार्व्होनच आहे. परंतु दोहोंतील रेणू परस्परांच्या आरशातील प्रतिमा असल्याने नाकास ते भिन्न भासतात. याउलट पानओव्याचे कूळ ओव्याहून वेगळे असूनही थायमॉल व त्याचा समघटक कार्व्हाक्रॉल यांच्यामुळे त्याच्या पानास ओव्याचा वास येतो. लोकांनी दिलेले नाव रसायनशास्त्राच्या कसोटीस असे उतरते.

परंपरागत उपयोग

पानओव्याचा रस सर्दी-खोकल्यावर देण्याची प्रथा आहे. थायमॉल व कार्व्हाक्रॉल ही संयुगे जीवाणूंच्या पेशीपटलात शिरून ते सच्छिद्र करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. निर्गुडीची पाने गरम करून सुजलेल्या सांध्यावर बांधतात, तसेच साठविलेल्या धान्यात कीड लागू नये म्हणून घालतात. या पानांत कॅरिओफायलीनसारखी टर्पिने व कॅस्टिसिन हे फ्लॅव्होनॉइड आढळते. भारंगीची कोवळी पाने पावसाळ्यात उकळून, कडू पाणी टाकून देऊन भाजीसाठी वापरतात. येथे औषध व अन्न यांच्यातील सीमारेषा पुसट होते.

काढा करण्याच्या पद्धतीसही महत्त्व आहे. युजेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २५४ अंश सेल्सिअस असला, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांखालीच निघून जाते. ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. त्यामुळे उघड्या भांड्यात बराच वेळ उकळलेल्या काढ्यात रोझमॅरिनिक आम्लासारखे विद्राव्य घटक राहतात. सुगंधी तेल मात्र बव्हंशी उडून जाते. उतरविताना पाने घालून झाकण ठेवण्याची घरगुती रीत म्हणूनच शास्त्रसंमत आहे.

मर्यादा व दक्षता

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज योग्य नाही. तुळशीच्या पानात तेलाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते; बाजारातील बाटलीत तेच तेल शुद्ध स्वरूपात असते. पानांची मात्रा व तेलाची मात्रा यांची तुलना होऊ शकत नाही. मेंथॉल त्वचेतील थंडी जाणणाऱ्या ग्राहीस उत्तेजित करते. हा ग्राही २००२ मध्ये ओळखला गेला व त्या संशोधनात सहभागी असलेल्या डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंथॉलने गारवा जाणवतो. ताप उतरत नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉलयुक्त मलम लावल्यास श्वास रोखला जाण्याचा धोका संभवतो. मलेरिया, न्यूमोनिया वा क्षय यांवर काढा हा उपचार ठरू शकत नाही. बाळास धाप लागल्यास किंवा ताप हटत नसल्यास आरोग्य केंद्र गाठणे हाच मार्ग होय. प्रयोगशाळेतील बशीत जीवाणू मरणे आणि रुग्ण बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावे.

समारोप

परंपरागत उपयोगांपैकी काहींना रसायनशास्त्र आधार देते, काहींची मर्यादा दाखविते. परंतु तपासणी होण्यासाठी प्रथम नोंद असणे आवश्यक आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. महाविद्यालयांनी या कामी साहाय्य करून वनस्पतीचे स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, कृती व मात्रा यांची नोंद संबंधित समाजाच्या संमतीने व त्याच्या नावे करावी. तारापूरच्या प्रयोगशाळांत उद्या काम करणारे अनेक विद्यार्थी याच पाड्यांतून येतात. त्यांच्या आजीला ठाऊक असलेले पान आणि त्यांनी वर्गात शिकलेले सूत्र एकाच वस्तूविषयी बोलते, हे त्यांना उमजले तर ते ज्ञान टिकेलही आणि तपासलेही जाईल.