आरशाविना (९) : करंगळी कुठे ठेवायची?

डोळ्यावरच्या फोकसचा वायदा होता, ठाऊक आहे. तो एक आठवडा पुढे ढकलतोय. सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमका असा विषय काढलाय, की ज्यावर मी सुरू झालो की घरातली माणसं हळूच उठून दुसऱ्या खोलीत जातात.

हे गृहस्थ लग्नाचे फोटो काढतात. निकॉनचा आरशाचा डी ७५० देऊन त्यांनी मिररलेस झेड ६ घेतला. ७०-२०० एफ २.८ लेन्स मात्र जुनीच ठेवली, एफ माउंटची एफएल आवृत्ती, अ‍ॅडॅप्टरवर चढवून. बॉडी दीडशे ग्रॅमच्या वर हलकी झाली, तरी हळदीपासून वरातीपर्यंत काम केलं की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. डी ७५० होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं. दोष कॅमेऱ्याचा की वयाचा, असं त्यांनी विचारलंय.

वयाचं डॉक्टर बघतील. कॅमेऱ्याचा हिशेब आपण करू.

बॅटरी आणि कार्ड धरून डी ७५० भरतो ८४० ग्रॅम, झेड ६ भरतो ६७५. वाचले १६५. पण एफटीझेड अ‍ॅडॅप्टरचे १३५ ग्रॅम कोण मोजणार? लेन्स १४३० ग्रॅमची. म्हणजे जुना संच २२७० ग्रॅम आणि नवा २२४०. एवढे पैसे ओतून हातातून उतरले तीस ग्रॅम! आणि उतरले तेही चुकीच्या टोकाकडून. लेन्स पूर्वी सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर बसायची, आजही तिथेच बसते, अ‍ॅडॅप्टर असतो तो त्याचसाठी. मागची बॉडी तेवढी हलकी झाली. साहजिकच सगळ्या संचाचा तोल पुढे सरकला. उजव्या हाताला आता कॅमेरा नुसता धरायचा नाही, पुढे कलंडू पाहणाऱ्या नळकांड्याला मागे खेचूनही ठेवायचंय.

मग झेड माउंटचीच ७०-२०० घेतली असती तर? फार काही साधलं नसतं. ती ट्रायपॉडच्या कॉलरसकट १४४० ग्रॅम आहे, जुनीपेक्षा दहा ग्रॅम जास्तच. आरसा गेल्याने माउंट सेन्सरपासून ४६.५ वरून १६ मिलिमीटरवर आला, तीस मिलिमीटर मोकळे झाले. पण जुनी लेन्स २०२.५ मिलिमीटर लांब होती, नवी २२० आहे. सेन्सरपासून लेन्सच्या तोंडापर्यंत मोजलं तर २४९ चे २३६ झाले. अ‍ॅडॅप्टरचं ओझं तेवढं सुटलं असतं. २०० मिलिमीटरला एफ २.८ हवं असेल तर प्रकाशाला आत यायला ७१ मिलिमीटरहून रुंद वाट लागते. हा साधा भागाकार आहे, त्याला आरशाशी कर्तव्य नाही. सेन्सर तेवढाच, छिद्र तेवढंच, तर काचा कुठून लहान होणार?

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. करंगळी.

भरलेली बादली करंगळी आणि अनामिका बाहेर ठेवून उचलून बघा. दहा पावलांत कळेल मुठीत जोर कोणाचा असतो ते. तर्जनी आणि मधलं बोट दिशा देतात, नाजूक कामं करतात. दाबून धरण्याचं काम खालची दोघं करतात. कॅमेऱ्यावर तर्जनी आधीच शटर बटणावर अडकलेली असते. उरली तीन बोटं. त्यातलं शेवटचं बॉडी संपली म्हणून हवेत लोंबकळलं, की राहिली दोन. मग जी पकड मुठीची असायला हवी ती चिमटीची होते, आणि चिमटीत सगळा भार अंगठा घेतो. सांगलीकरांची कळ मला वाटतं तिथूनच निघते. डी ७५० ची उंची ११३ मिलिमीटर, झेड ६ ची १००.५. यात व्ह्यूफाइंडरचं डोकंही आलं, म्हणजे हा सगळा फरक ग्रिपमधूनच गेला असं नाही. पण गेला तेवढा पुरतो. आणि झेड ६ ची ग्रिप त्या पिढीतल्या चांगल्या ग्रिपांपैकी, हेही सांगायला हवं. खोल आहे, बोटांना वळून बसायला जागा आहे. फक्त उंचीला कमी पडते.

ही उंची गेली कुठे, याची गंमत सोनीच्या ए७ मालिकेत बघायला मिळते. २०१३ चा पहिला ए७ होता ४७४ ग्रॅमचा. त्याच्याबरोबर १२० ग्रॅमची ३५ मिलिमीटर एफ २.८ लेन्स आली. दोन्ही मिळून सहाशेच्या आत, फुल फ्रेम! या जोडीला मी आजही नावं ठेवणार नाही. पण लोक काय त्या जोडीवर थांबणार होते? त्यांनी मोठ्या लेन्स लावल्या आणि बोटं कुरकुरायला लागली. वर्षभरात ए७ टू आला. त्याची ग्रिप फुगली, शटर बटण वरच्या पत्र्यावरून पुढे ग्रिपवर आलं, वजन ५९९ झालं. ए७ थ्री ६५० ग्रॅम. २०२१ चा ए७ फोर ६५८. त्याच घराण्यातला ए७आर फाइव्ह ७२३. हलक्या कॅमेऱ्याची म्हणून सुरू झालेली मालिका दहा वर्षांच्या आत अडीचशे ग्रॅम परत घेऊन बसली.

पण उंची? पहिला ए७ ९४.४ मिलिमीटर, ए७ फोर ९६.४. एवढ्या काळात दोन मिलिमीटर! जाडी वाढली, रुंदी थोडी वाढली, करंगळी होती तिथेच लटकलेली. माझा याबाबतीत एक पक्का संशय आहे. जाहिरातीत कॅमेऱ्याचा फोटो समोरून काढतात. समोरून दिसते ती उंची आणि रुंदी, जाडी दिसत नाही. दुकानाच्या काचेतही तसंच. त्यामुळे जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे वाढ करायची मुभा असते.

ग्रिप जाड होण्यामागे बॅटरीचाही हात आहे. ए७ मधली एनपी-एफडब्ल्यू ५० ही १०२० मिलिअ‍ॅम्पियर-तासांची होती आणि प्रमाणित चाचणीत ३४० फोटोंना पुरायची. लग्नात त्या खिशात चणे-फुटाणे बाळगावेत तशा बाळगाव्या लागायच्या. ए७ थ्रीत आली एनपी-एफझेड १००, २२८० मिलिअ‍ॅम्पियर-तासांची, त्याच चाचणीत मागच्या स्क्रीनवर ७१० फोटो देणारी. दुपटीहून मोठी बॅटरी ठेवायला जागा ग्रिपमध्येच. आपल्या बोटांना जे मिळालं त्यातलं बरंचसं बॅटरीच्या कृपेने मिळालं.

कंपन्यांना करंगळीचं दुखणं कळत नाही असं नाही. फार छान कळतं, ते वेगळं विकतात. २०१९ मध्ये कॅननने ईओएस आरपी काढला, ४८५ ग्रॅमचा, उंची जेमतेम ८५ मिलिमीटर. त्याच्यासोबत ईजी-ई१ नावाचा तळाला लावायचा तुकडा आणला. त्यात बॅटरी नाही, बटण नाही, काही नाही. करंगळीला ओटा, बस्स. सोनीचा जीपी-एक्स१ईएम हाही त्याच जातीचा. आणि २०२३ च्या ए७सीआरच्या बाबतीत तर सोनीने असा तुकडा कॅमेऱ्याच्या खोक्यातच घालून दिला. एवढुसा कॅमेरा बनवायचा आणि तो धरता यावा म्हणून सोबत ठिगळ द्यायचं! पण मला ही तडजोड मनापासून पटते. एका लेन्सवर गाव फिरायचं तेव्हा तुकडा घरी, मोठी लेन्स लावायची तेव्हा खाली. ज्याला दोन्ही कामं करायची आहेत त्याला एकाच ठोकळ्यात दोन्ही मिळत नाहीत.

निकॉनने यात एक विचित्र वळण घेतलं होतं. झेड ६ आणि झेड ७ साठी त्यांनी एमबी-एन १० नावाचा बॅटरी ग्रिप काढला आणि त्यावर उभ्या फोटोसाठी शटर बटणच दिलं नाही. करंगळीला जागा झाली, बॅटऱ्या दोन बसल्या, पण कॅमेरा उभा केला की हात पुन्हा कोपर वर करून वळवायचा. पुढे २०२० मध्ये झेड ६ टू आणि झेड ७ टू आले तेव्हा एमबी-एन ११ वर बटणं आणि डायल आले. म्हणजे काय हवं होतं ते कळायला एक पिढी गेली.

उंचीइतकीच दुसरी एक जागा तपासायची असते, तिच्याकडे लोक बघतच नाहीत. ग्रिप आणि लेन्स यांच्यामधली फट. बॉडी अरुंद, माउंट मोठा. निकॉन झेडचा व्यास ५५ मिलिमीटर, कॅनन आरएफचा ५४, सोनी ईचा ४६.१. त्यावर जाडजूड लेन्स चढली की बोटांची पेरं आणि लेन्सचं नळकांडं यांच्यात काही उरत नाही. ग्रिप खोल करावी तर बोटांची टोकं लेन्सवर घासतात, उथळ करावी तर मूठ निसटते. पहिल्या सोनी २४-७० एफ २.८ जीएमसारखी जाड लेन्स ए७ थ्रीवर लावून बघा, मधल्या बोटाचं नख लेन्सला टेकतं की नाही ते. माझं टेकतं. थंडीत हातमोजे घालून पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.

आता लेन्सवाल्यांनी तोल सांभाळायला काय केलं तेही पाहू, कारण तिथे देवाणघेवाण फार स्वच्छ दिसते. कॅननने आरएफ माउंटची पहिली ७०-२०० एफ २.८ काढली ती १०७० ग्रॅमची. जुनी ईएफ थ्री १४८० ग्रॅम होती. चारशे ग्रॅम कमी, आणि बंद केल्यावर लांबी १४६ मिलिमीटर, पिशवीत उभी मावणारी. हे जमलं कारण झूम करताना ती पुढे लांबते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. ७० वर असताना तोल एका जागी, २०० वर दुसऱ्या. आणि मागे एक्स्टेंडर लावता येत नाही. काहींना हे चाललं, ट्रायपॉडवर आणि गिंबलवर काम करणाऱ्यांना चाललं नाही. २०२४ मध्ये कॅननने आतल्या आत झूम होणारी दुसरी ७०-२०० आणली, सुमारे १११० ग्रॅमची, एक्स्टेंडर घेणारी, पण लांबलचक. जुनीही विक्रीत ठेवली. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत प्रामाणिक निर्णय. दोन्ही गुण एकीत कोंबल्याचा आव न आणता निवड आपल्यावर सोडली.

सांगलीकरांना माझं उत्तर असं. बॉडी विकू नका. आधी खाली एल-प्लेट लावा. ट्रायपॉडसाठी मिळणारी साधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तळाला जेमतेम सेंटीमीटरभर जाडी देते, पण करंगळीला तेवढं टेकण पुरतं. दुसरं, डावा हात कॅमेऱ्याच्या पोटाखालून काढून लेन्सच्या कॉलरपाशी न्या. तळवा वर, बोटं झूमच्या रिंगवर, कोपर बरगडीला. संचाचा तोल तिथे आहे, तर भारही तिथेच घ्यायचा. उजव्या हाताकडे फक्त बटणं ठेवायची. आणि तिसरं, मागचा स्क्रीन बघत हात लांब करून फोटो काढायची सवय लागली असेल तर ती मोडा. मिररलेसने ही सवय फार जणांना लावलीय. डोळा व्ह्यूफाइंडरला टेकला की कपाळ हा तिसरा आधार होतो, आणि हात छातीशी येतात.

जे आता खरेदीला निघालेत त्यांनी दुकानात किट लेन्स लावलेला कॅमेरा हातात घेऊन "वा, काय हलका!" म्हणू नये. आपली सर्वांत जड लेन्स घरून न्या, ती चढवा, आणि दुकानदार चहा मागवेपर्यंत कॅमेरा डोळ्याशी धरून उभे राहा. करंगळी टेकते का, पेरं लेन्सला घासतात का, पकड न सोडता अंगठा मागच्या डायलवर पोचतो का, एवढं बघा. वजनाचा आकडा त्यानंतर वाचा.

पुढच्या आठवड्यात डोळ्यावरचा फोकस, नक्की. तोवर तुमच्या करंगळीचा अनुभव कळवा, आणि कळवताना बॉडीबरोबर लेन्सचंही नाव लिहा. नुसत्या बॉडीच्या नावावरून मला काहीच सांगता येणार नाही.