वेळास ते आंजर्ले: किनारा पायी चालताना पाऊल कुठे ठेवावे?

मंडणगड तालुक्यातील वेळासपासून दापोलीतील आंजर्ल्यापर्यंतचा किनारा म्हणजे पुळण, कातळ आणि खाड्या. थंडी पडली की इथे पायी भटकणाऱ्यांची वर्दळ वाढते. नेमका हाच ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम. अशा वेळी एक साधा नियम चालणाऱ्याचा जीवही जपतो आणि कासवाचे घरटेही: ओहोटीला निघावे आणि ओल्या वाळूवरून चालावे.

ओली वाळूच का?

मादी रात्री भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते आणि समुद्रात परतते. पिल्ले बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. तोवर वरून घरटे सहसा ओळखू येत नाही. याच पट्ट्यात पसरलेली मर्यादावेल वाळू धरून ठेवते. तिच्यावरून वाट पडली की वाळू वाऱ्याने उडू लागते. ओल्या वाळूवरचे ठसे मात्र पुढची भरती पुसून टाकते. गाडी तर पुळणीवर नेऊच नये. तिच्या वजनाने वाळू दबते.

भरतीची वेळ कशी काढायची?

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला अंक 15 धरतात. तेव्हा उधाण असल्याने पाणी अधिक वर चढते. हा झाला अंदाज. निघण्यापूर्वी मोबाइलवर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या मच्छीमारांना विचारावे.

धोका कुठे?

कातळाच्या टोकाला वळसा घालताना भरती लागली, तर पुढची आणि मागची दोन्ही वाट बंद होते. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघून पाणी फिरण्यापूर्वी कातळ पार करावा. केळशीजवळच्या भारजा नदीच्या खाडीसारख्या मुखाशी पाणी उथळ दिसले तरी ओढ असते. तिथे पायी उतरू नये, रस्त्याने वळसा घ्यावा. अडचण आल्यास 112 वर फोन करावा.

कासव दिसले तर?

दूर थांबावे. टॉर्च, फ्लॅश बंद ठेवावा. पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. अंडी किंवा पिल्ले हाताळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाळूत मादीच्या सरपटण्याच्या खुणा दिसल्या, तर त्या न पुसता गावातील कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवावे.

पूर्वी वेळासला ही अंडी चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांसोबत संवर्धन सुरू केले. आज कासवे पाहायला येणाऱ्यांच्या राहण्या-जेवणातून गावातल्या घरांना उत्पन्न मिळते. त्यामुळे पायाखाली चिरडलेले घरटे हे गावाचेही नुकसान असते.